पंचावन्न किलोच्या आत

भोये सर गेले तेव्हा सुरगाण्याला त्यांच्या दिवसाच्या कार्यक्रमाला चारशे माणूस होतं, आणि त्या चारशे माणसांचा भात मी शिजवला. मी आचारी आहे. मांडवात एकेक जण उठून बोलत होता. एक फौजदार रडला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला एक साहेब रडला. राज्याकडून कबड्डी खेळून आलेली एक पोरगी माईक हातात धरून नुसतीच उभी राहिली आणि खाली बसली. सगळे सांगत होते की सरांनी आम्हाला घडवलं. मग कोणीतरी माझं नाव पुकारलं, "सरांचे घोटीचे जुने विद्यार्थी." मी भात लागतोय असं ओरडून पळालो. भात लागत नव्हता. सरांनी घडवलं असं म्हणायला आपण काहीतरी घडलेलं लागतं, आणि माझ्याकडं दाखवायला नववी नापासचा दाखला आणि एकशे दोन किलो वजन, एवढंच. त्यात सरांबद्दल मला जे सांगायचं होतं ते माईकवर सांगण्यासारखं नव्हतं, त्यातली सगळी लाज माझीच आहे. इथं लिहिताना निदान कोणी तोंडाकडं बघत नाय.

आमचं घर घोटीत, भाताच्या गिरणीच्या मागच्या गल्लीत. गिरणीचा पट्टा सकाळी सातला फिरायला लागला की आमच्या भिंती थरथरायच्या आणि फळीवरची भांडी आपापसात बोलायला लागायची. पट्टा बंद पडला तर आई घाबरून बाहेर यायची, एवढी त्या आवाजाची सवय. अंथरुणात कोंडा, चहात कोंडा, आमच्या डोक्यात कोंडा. दादा, म्हणजे माझे वडील, त्याच गिरणीत तोलार होते. पोतं काट्यावर यायचं, दादा वजन करायचे आणि मोठ्यानं मोजायचे. पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नाय, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. मोजणी चालू असताना दादांशी कोणी बोलायचं नाय, गिरणीच्या शेठनंसुद्धा नाय. बाजारात दोन व्यापाऱ्यांचं वजनावरून वाजलं की लोक म्हणायचे, चला तोलाराच्या काट्यावर. दादा काट्याकडं बघून एक आकडा सांगायचे आणि भांडण तिथंच मिटायचं. घरात मात्र ते आकड्याएवढंही बोलायचे नाय.

आईचं उलट. आई बोलायची आणि वाढायची. तांदळाच्या भाकरी ती पाण्याच्या हातानं इतक्या पातळ थापायची की तव्यावर टाकली की टम्म फुगायची. सोबत खुरासणीची चटणी, नायतर सुकटीचं कालवण. मी पाच खायचो. सहावीच्या वेळी आई विचारायची, "अजून एक?" मी नको म्हणायचो, आणि ती ताटात पडायची. आमच्या घरात नकोचा अर्थ तोच होता. त्यामुळं मी आठवीत गेलो तेव्हा बाकावर माझ्याशेजारी कोणी बसू शकत नव्हतं. मास्तर लोकांना वाटायचं, पोरगं खोडकर असेल म्हणून एकटं बसवलंय. खोडी काढायला वळावं लागतं, आणि मला त्या बाकात वळता येत नव्हतं.

भोये सर त्याच वर्षी आमच्या शाळेत आले. सुरगाण्याकडचे. बारीक, काळेसावळे, उंचीनं आमच्या दहावीच्या पोरांपेक्षा कमी. शिकवायला भूगोल आणि पी. टी. आमच्याच गल्लीत त्यांनी खोली घेतली. शनिवारी शाळा सुटली की गावाकडं जायला निघायचे, पुढं घाटातल्या जीपांना मागं लटकून जायचे, आणि सोमवारी सकाळी तसेच लटकून यायचे. येताना पिशवीत नागली, म्हणजे नाचणी. लहानपणी भात कापून झाला की त्यांचे आईबाप मजुरीला बाहेर पडायचे, कधी द्राक्षाच्या बागांत, कधी गुजरातेत ऊस तोडायला, आणि सर त्यांच्याबरोबर. चार गावच्या चार शाळांत त्यांनी चौथी केली होती. म्हणून भूगोल ते नकाशावरून शिकवायचे नाय, पायावरून शिकवायचे. "ही तापी. हिचं पाणी गोड आहे. इथं मला विंचू चावला." ती तापी मला अजून पाठ आहे. बाकीच्या नद्यांत सरांना काय चावलं नाय, त्या मी विसरलो. आठवीत गणितात मला अठरा मार्क पडले तेव्हा बाकीच्या मास्तरांनी कपाळाला हात लावला. भोये सर म्हणले, "दीड डझन झाले की रे."

पी. टी.च्या तासाला मी लिंबाच्या झाडामागं लपायचो. म्हणजे मला वाटायचं मी लपलोय. सर एक दिवस लांबूनच ओरडले, "झाडाला दोन्ही बाजूनं पोट कसं काय आलं?" पोरं हसली. मी बाहेर आलो. सरांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, गुरं घेताना मारतात तशी, आणि विचारलं, "नाव?"

"सुखदेव."

"पळता येतं?"

"नाय."

"उडी?"

"नाय सर."

"बसता येतं?"

"येतं."

"मग डाव्या कोपऱ्यात उभा राहा. जो चढाईला येईल त्याचा घोटा धरायचा आणि खाली बसायचं. बाकी काय करायचं नाय."

एवढं मला येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी ज्याच्यात हुशार होतो ते शाळेत चालत होतं. चढाई करणारं पोरगं माझ्याकडं पाय टाकायचं, मी तो पाय धरायचो आणि बसायचो. मग ते कुठं जायचं नाय. आमच्या संघातला चांगला खेळाडू भास्कर, तो हरणासारखा होता. पण सर म्हणायचे, "भास्कर पॉइंट आणतो, सुख्या राखतो." घरी मी हे वाक्य इतक्यांदा सांगितलं की शेवटी आई म्हणली, "बरं बाबा, आता भाकर राख."

शालेय कबड्डीत वजनाचा गट असतो. आमचा गट पंचावन्न किलोच्या आतला. म्हणून दर शनिवारी सर आम्हाला रांगेनं गिरणीत न्यायचे आणि दादांच्या काट्यावर चढवायचे. दादांना हे लय आवडायचं, पण ते दाखवायचे नाय. पोरगं काट्यावर उभं राहिलं की पोत्याचं सांगावं तसं सांगायचे, "एकेचाळीस सातशे. उतरव." माझी पाळी आली की हमाल हातातलं पोतं ठेवून बघायला यायचे. नववीत गेलो आणि आमचा संघ तालुक्याला पहिला आला. शाळेच्या जन्मात असं झालं नव्हतं. जिल्ह्याच्या सामन्याला नाशिकला जायचं होतं. त्या शनिवारी दादा म्हणले, "सत्तावन्न दोनशे." मी काट्यावरून उतरताना ते पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणले, "बसत नाय तू."

तीन आठवडे राहिले होते. सरांनी माझं जेवण ताब्यात घेतलं. सकाळी नागलीची आंबील, दुपारी एक भाकर, संध्याकाळी परत आंबील. आणि मी जेवढं खाईन तेवढंच सर स्वतः खायचे, आमच्या ओट्यावर माझ्यासमोर बसून. आधीच काडी, त्यात अजून वाळायला लागले. आई भांडायला उठली. "मास्तर, पोराचं तोंड बघा. आजारी बोकडासारखं झालंय."

"ताई, बोकडाला शर्यत नसती."

"मग तुम्ही तरी खा! तुम्ही कशाला उपाशी मरता?"

"मी खाल्लं तर त्याला वास येतो."

आई आत जाऊन भांडी आदळायची. दादा काय बोलायचे नाय, पण रोज पहाटे गिरणी चालू व्हायच्या आधी मला काट्यावर उभं करायचे. छप्पन्न नऊशे. छप्पन्न शंभर. पंचावन्न सहाशे. जायच्या आदल्या दिवशी चोपन्न आठशे झालं. दादांनी शेठच्या गादीवरचा खडू उचलून गिरणीच्या दारावर तो आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनाही नाशिकलाच जायचं होतं, तांदळाच्या ट्रकबरोबर, माल उतरवताना तोलायला. मला म्हणले, "काम झालं तर बघायला येतो. नाय झालं तर नाय."

आम्ही जीपनं पहाटे निघालो. नऊला वजनं होणार होती. पण तिथले अधिकारी म्हणले, काटा यायचाय, अकराला बघू. सर कागदपत्रं घेऊन आत गेले. आणि मैदानाच्या दाराशी मिसळीची गाडी होती. आता मी काय सांगू? तीन आठवडे आंबील प्यालेल्या माणसाला लाल तर्रीचा वास आला की त्याच्या पायांना कोणाची परवानगी लागत नाय. मी फक्त बघायला गेलो होतो. बघता बघता सहा पाव झाले.

अकराला मी काट्यावर चढलो. पंचावन्न किलो चारशे ग्रॅम. साहेब म्हणले, "बारापर्यंत वेळ आहे. नायतर बसवा याला बाहेर." सरांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. ते माझ्या तोंडाजवळ आले आणि वास घेतला.

"पाव किती?"

"दोन."

सर बघत राहिले.

"सहा."

"रस्सा?"

"परत घेतला, सर."

"किती वेळा?"

"मोजलं नाय. दादा नव्हते ना."

त्यांना राग आला की त्यांच्या गावाकडची बोली तोंडात यायची. "काय करहस रं तू," एवढंच म्हणले आणि अंगातला स्वेटर काढून मला घातला. मग भास्करचा घातला. मग अजून एकाचा. त्या तीन स्वेटरांत मी मैदानाला फेऱ्या मारल्या, आणि सर शेजारी धावत होते, "थुंक, थुंक" करत. अर्धा तास नसेल झाला, मी परत चढलो. पंचावन्न दीडशे. पाय उचलत नव्हते. पोरांपैकी कोणीतरी म्हणलं, "सर, ह्याचे केस काढले तर?" माझे केस तेव्हा मानेखाली आलेले, फॅशन होती, आणि आई रोज त्यात तेल ओतायची. केसांतलं तेलच पावशेर निघालं असतं. पण सर एकदम थांबले. "नाय. बाप जित्ता असताना पोराचं डोकं करत नसतेत. दीडशे ग्रॅम पळून जातील." आणि अजून दहा मिनिटं वाढवून मागायला ते साहेबांकडं गेले.

मी भास्करला म्हणलं, "चल."

गंगा तिथून जवळच होती. आम्ही नाशिककडची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. घाटावर न्हाव्यांची रांग बसलेली, समोर दशक्रियेला आलेली लोकं. एका म्हाताऱ्या न्हाव्यापुढं मी धपकन बसलो. "पूर्ण काढा. लवकर."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "कोण गेलं?"

खरं सांगितलं असतं तर त्यानं मला हाकललं असतं. मिसळ खाल्ली म्हणून कोणी घाटावर डोकं करत नाय. मी म्हणलं, "वडील."

"अरे अरे. कधी?"

"आज."

"कशानं?"

इथं मी गप्प बसायचं. पण माझ्या तोंडाला कधी ब्रेक नव्हता. दादा सकाळी ट्रकनं निघालेले, तेच डोक्यात आलं. "ट्रकला अपघात झाला," मी म्हणलं.

म्हाताऱ्यानं वस्तरा खाली ठेवला, आपल्या तांब्यातलं पाणी माझ्या डोक्यावर घातलं आणि दोन्ही हातांनी हळूहळू चोळलं, जसं आपल्याच पोराला चोळावं. डोकं करताना तो मला म्हणत होता, आईला सांभाळ आता. मी हो म्हणत होतो. शेजारच्या न्हाव्याला त्यानं सांगितलं, ह्या पोराचा बाप सकाळी ट्रकखाली गेला. तेवढ्यात पायऱ्यांवर बसलेल्या बायांतून किंकाळी आली, "अगं बाई! सुख्या!"

ठकूमावशी. आमच्याच गल्लीतली. दिराच्या दहाव्याला आलेली. ती पदर सावरत माझ्याकडं निघाली आणि मी उठून पळालो. एवढंच सांगायचं होतं, मावशी, खोटं आहे. तीन शब्द. पण बाराला सात मिनिटं कमी होती.

काट्यावर चढलो तेव्हा आकडा पंचावन्नवर येऊन थांबला. साहेब म्हणले, बसतंय. पोरं नाचली. सरांनी माझ्या डोक्याकडं बघितलं आणि हातातला कागदांचा गठ्ठा सावकाश खाली ठेवला. आणि सामना? पहिलाच सामना आम्ही हरलो. पळून पळून माझ्या पायांत जीव नव्हता, डोळ्यांपुढं अंधारी. अख्ख्या सामन्यात मी एकच पकड केली, ती आमच्याच भास्करची. तो चढाई करून परत येत होता, मला वाटलं समोरचा आला. घोटा धरला आणि बसलो.

जीपमध्ये परत येताना मी न्हाव्याला मारलेली थाप सरांना सांगितली. सर म्हणले, "घरी गेल्या गेल्या आधी खरं सांगायचं. बाकी मी बघतो." मी हो म्हणलं. मावशीचं मात्र सांगितलं नाय. मला वाटलं, ती येईल दोन दिवसांनी, तोवर बघू.

मावशी यायची होती दोन दिवसांनी. तिचा फोन साडेबारालाच आला होता, आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात. सुख्याचा बाप ट्रकखाली गेला, पोरगं गंगेवर डोकं करून बसलंय, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि दादा खरंच ट्रकनं गेलेले. मग खोटं वाटायला जागा कुठं होती? आईनं ओट्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या. दोन माणसं नाशिकला सरकारी दवाखान्यात प्रेत ताब्यात घ्यायला गेली. गिरणी बंद झाली. तीन वाजता ट्रक आला आणि दादा उतरले, तर त्यांच्या घरापुढं शंभर माणूस, आणि सगळे त्यांच्याकडं बघून मागं सरकले. दादांनी विचारलं म्हणे, "कोण गेलं?"

हे सगळं मला नंतर कळलं. आम्ही साडेपाचला गल्लीत आलो तेव्हा मला एवढंच दिसलं की गिरणीचा आवाज नाय, ओट्यावर माणसं आहेत, दादा खाटेवर बसलेत आणि आई उंबऱ्यात. आईचे दोन्ही हात उघडे. मनगटावर ओरखडे, त्यातलं रक्त वाळलेलं. नवरा समोर जिवंत बसलाय आणि हिचे हात उघडे, गल्लीतल्या बाया तिच्याकडं बघायचं टाळत होत्या. मी आजवर लय गोष्टींची चेष्टा केली. त्या हातांची मला कधी करता आली नाय.

दादा उठले. त्यांच्या हातात पोतं ओढायचा लोखंडी आकडा होता. "डोकं कोणी केलं तुझं?"

मी तोंड उघडलं. दादा एक पाऊल पुढं आले.

"मी करायला लावलं," सर म्हणले.

सगळी गल्ली सरांकडं वळली. सर माझ्यापुढं येऊन उभे राहिले. त्यांच्या खांद्यावरून मला सगळं दिसत होतं, एवढे ते बुटके. "वजन बसत नव्हतं, भाऊ. मीच नेलं घाटावर, तसं सांगायलाही मीच लावलं. चुकलं माझं."

"बाप जित्ता असताना?"

"हो."

"मास्तर, तुम्ही शिकलेले."

"हो भाऊ."

दादांनी आकडा खाली टाकला. "माझ्या काट्यावर आता पाय ठेवायचा नाय," एवढंच म्हणले. आईनं सरांकडं पाठ फिरवली. पण गल्ली बोलली. तुम्ही पोरांना उपाशी मारता, तुम्ही जंगलातून आलेले, तुम्हाला काय रीतभात. सर मान खाली घालून ऐकत होते. मी त्यांच्या मागं उभा राहून ऐकत होतो. डाव्या कोपऱ्यात माझं काम पाय धरायचं होतं, इथं मला कोणी काय करायला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो. ते आंबील ढवळत होते. मी रडायला लागलो. सर म्हणले, "बस. त्यांनी तुला मारलं असतं, आणि उद्यापासून गिरणीत लावलं असतं. मला कोण मारतंय? मी मास्तर आहे. पण हे खोटं माझं नाय, तुझं आहे. मी थोडे दिवस सांभाळतो. घर शांत झालं की तू सांग. तुझ्या सोयीनं."

माझी सोय! दिवाळी आली, म्हणलं सणाचं कशाला. आईनं नवीन बांगड्या भरल्या, म्हणलं आता कुठं भरल्या तर. संक्रांत गेली. तेवढ्यात गल्लीतली माणसं शाळेत जाऊन आली होती, दादांना पुढं घालून. हेडमास्तरांनी कबड्डी बंद केली. लिंबाजवळच्या मैदानात गवत उगवलं. पोरं सरांना काय म्हणत नव्हती, पण भास्कर माझ्याशी बोलायचा बंद झाला, कारण घाटावर तो माझ्याबरोबर होता आणि मी सांगेन याची वाट बघत होता. सर मात्र वर्गात तसेच. एकदा नकाशावर गोदावरी दाखवताना त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पटकन कृष्णेवर गेले. एवढं सांभाळलं मला. आणि मी त्या वर्षी नववीत नापास झालो. शाळा सुटू नये म्हणून ज्यानं सगळं अंगावर घेतलं, त्याला मी हे बक्षीस दिलं.

उन्हाळ्यात संस्थेनं सरांची बदली काढली. शिक्षा म्हणून लांब डोंगरातल्या आश्रमशाळेत, म्हणजे सुरगाण्यालाच, त्यांच्या घराजवळ. ती बदली पुढं रद्द झाली नाय, हे आत्ताच सांगून टाकतो. तिथं त्यांनी पोरींचा संघ उभा केला, मांडवात माईक धरून उभी राहिलेली पोरगी त्यातलीच. भास्कर आता मला म्हणतो, "तुझ्या पापामुळं त्या पोरींना सर मिळाले." तो माझं मन राखायला म्हणतो. पण घोटीच्या शाळेत परत कधी कबड्डीचं मैदान आखलं गेलं नाय, ते कोणाच्या खात्यावर टाकायचं?

सर उद्या सकाळी जाणार हे मला भास्करनं सांगितलं. नऊ महिन्यांत तो पहिल्यांदा बोलला. "सुख्या, उद्या जातेत," म्हणला आणि गेला. मी तसाच गिरणीत गेलो. दादा मोजत होते. मी काट्याशेजारी जाऊन उभा राहिलो. "दादा," म्हणलं. हमालांनी माझ्याकडं असं बघितलं की याला वेड लागलं. दादा बघेनात. अकरा, बारा. मी उभाच. एकवीस. बावीस. छत्तीस पोती होती. छत्तिसावं उतरलं तेव्हा त्यांनी खडू ठेवला आणि विचारलं, "काय?"

गिरणीचा पट्टा धाडधाड चालला होता, म्हणून मला ओरडून सांगावं लागलं. एका दमात सगळं. मिसळ, पाव, स्वेटर, सर नको म्हणले होते, मी पळून गेलो. दादा कानाला हात लावून ऐकत होते. आणि माझं नशीब बघा, नेमकी त्याच वेळी लाईट गेली. पट्टा थांबला. अख्खी गिरणी चिडीचूप, आणि त्यात माझा आवाज, गळा फाडून, "तुम्ही मेले म्हणून मीच सांगितलं!"

शेठ गादीवरून उठून बसले. हमाल जागच्या जागी. मी डोळे मिटले. दादांनी मारलं नाय. त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली आणि घराकडं चालायला लागले. घरी आईला सगळं सांगितलं, त्यांच्या हिशोबानं पाच-सहा शब्दांत. आई परातीत तांदूळ निवडत होती. ती परात तशीच ठेवून उठली, पायात चपला घातल्या आणि आमच्या पुढं निघाली.

सर वळकटी बांधत होते. खोलीत एक पेटी, एक स्टोव्ह, नागलीचं मडकं. आम्ही तिघं दारात बघून त्यांनी दोरी सोडली आणि उभे राहिले. दादा आत गेले नाय. दारातूनच म्हणले, "मास्तर, मी तोलार. जन्मात कोणाला न तोलता आकडा सांगितला नाय. तुम्हाला सांगितला."

"भाऊ, काट्यावर मी खोटंच वजन टाकलं होतं. तुम्ही काय करणार?"

"बांगड्या मी फोडल्या, मास्तर," आई म्हणली. "फोन आला आणि लगेच फोडल्या. घडीभर थांबले असते तर? त्याचा पण राग मी तुमच्यावर काढला." मग तिनं त्यांच्या मडक्याकडं बघितलं. "आज रात्री जेवायला या. आणि पोटभर जेवायचं, सांगून ठेवते."

"येतो ताई." सरांनी दादांना विचारलं, "पोराला मारलं का?"

"नाय."

"मग झालं."

एवढ्या वेळात माझ्याकडं कोणी बघितलं नव्हतं. सर आता वळले. रागावलेले नव्हते. भूगोलाच्या तासाला एखादा प्रश्न विचारावा तसं त्यांनी विचारलं, "नऊ महिने झाले, सुख्या. आजच का सांगितलं?"

खोटं बोलायला माझ्याकडं काय उरलं नव्हतं. "उद्या तुम्ही जाणार म्हणून, सर."

सरांनी वळकटीकडं बघितलं, पेटीकडं बघितलं, जरा विचार केला.

"असं होय," ते म्हणले. "मग मी दिवाळीतच जायला पाहिजे होतं."

दादा हसले. मोठ्यानं, खांदे हलवून, दाराच्या चौकटीला धरून. त्यांना तसं हसताना मी त्या वर्षात पहिल्यांदा बघितलं. ते सरांकडं बघून हसत होते, माझ्याकडं नाय, आणि ते बरोबरच होतं.